काळा घोडा, उतरती दुपार आणि जलरंग: जुन्या इमारतींचा रस्ता मोकळ्या ब्रशने कसा रंगवावा

ज्यांनी घरी बसून फुलदाण्या रंगवल्या आहेत, एखाद-दुसरं निसर्गचित्र केलं आहे आणि आता जुन्या शहरातला गजबजलेला रस्ता स्पॉटवर बसून करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण म्हणून मुंबईतला काळा घोडा घेतला आहे. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाजूने उत्तरेकडे, म्हणजे हुतात्मा चौकाच्या दिशेने, महात्मा गांधी रोड जसा दिसतो तसा. माध्यम पारदर्शक जलरंग.

आपल्यापैकी अनेकांचा हात शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांवर तयार झालेला असतो. आधी रेघ, मग रेघेच्या आत रंग, आणि रंग बाहेर गेला तर गुण गेले. ही शिस्त वाईट नाही, पण रस्त्याच्या चित्रात ती आडवी येते. मग कोणीतरी सांगतं, "लूज कर," आणि नवखा माणूस भराभर फटकारे मारायला लागतो. भराभर मारलेला फटकारा मोकळा दिसत नाही, तो फक्त घाईचा दिसतो. मोकळ्या ब्रशची चित्रं जवळून पाहा. त्यांत रेखाटन पक्कं असतं, कुठे काळोख आणि कुठे उजेड हे आधीच ठरलेलं असतं, आणि काय गाळायचं हेही ठरलेलं असतं. सगळं ठरलं आहे म्हणून तो ब्रश एकदाच टेकतो आणि उचलला जातो. खालच्या पायऱ्यांमधला निम्मा भाग म्हणूनच रंगात ब्रश बुडवण्याआधीचा आहे.

सोबत काय न्यावं

- कागद: ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (जरा खरबरीत), शक्यतो शंभर टक्के कॉटन. आकार ११ × १५ इंच, म्हणजे पूर्ण इम्पिरियल शीटचा चौथा हिस्सा. पैसे वाचवायचे असतील तर रंगांत वाचवा, कागदात नको. पातळ कागद पहिल्याच वॉशला (पाणीदार रंगाच्या सलग थराला) फुगतो आणि पाणी खळग्यांत साचतं.
- कागदाहून थोडा मोठा हलका बोर्ड, मास्किंग टेप, दोन क्लिपा.
- ब्रश: १२ नंबरचा गोल, ८ नंबरचा गोल, एक इंची फ्लॅट (चपटा) आणि एक रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश). शून्य आणि एक नंबरचे ब्रश घरी ठेवा. जवळ असले की हात तिकडेच जातो.
- रंग: यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, थोडा व्हर्मिलियन. शेवटच्या चार ठिपक्यांसाठी पांढऱ्या पोस्टर कलरची छोटी बाटली. काळी ट्यूब नको.
- २बी आणि ६बी पेन्सिल, छोटी स्केचबुक, पाण्यासाठी दोन डबे, जुना सुती कपडा, पाण्याची स्प्रे बाटली.
- घडीचं स्टूल, टोपी, प्यायचं पाणी.
- ओळखपत्र. फुटपाथवर बसून चित्र काढणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, पण हा भाग न्यायालयाचा, सरकारी कार्यालयांचा आणि थोडं पुढे गेलं की नौदलाचा आहे. कोणी विचारलं तर शांतपणे दाखवता यावं. नौदलाच्या फाटकाकडे तोंड करून बसू नका.

१. वेळ: सकाळ की दुपार?

महात्मा गांधी रोडच्या पश्चिमेला ओळीने जुन्या इमारती आहेत: एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत (१८८८), डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०), आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि वॉटसन हॉटेलची जुनी वास्तू, जिला आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. या सगळ्यांची तोंडं पूर्वेला. म्हणजे सकाळी त्यांच्यावर समोरून ऊन पडतं. प्रत्येक कमान, प्रत्येक कठडा, प्रत्येक नक्षी स्वच्छ दिसते आणि दिसतं ते सगळं काढण्याचा मोह होतो.

नवख्यांनी दुपारची वेळ घ्यावी असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यात तीन ते साडेचार. तेव्हा सूर्य या इमारतींच्या मागे, नैर्ऋत्येला उतरलेला असतो. पश्चिमेची अख्खी रांग सावलीत जाते, तपशील आपोआप मिटतात आणि एकच मोठा निळसर-तपकिरी आकार उरतो. त्या आकाराची सावली रस्ता ओलांडून तुमच्याकडे येते. उजव्या हाताच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर मात्र अजून पिवळं ऊन असतं. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, मध्ये रस्ता. निम्मी रचना सूर्यानेच करून ठेवलेली असते.

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरची प्रतिबिंबं सुंदर दिसतात, पण मुंबईच्या दमट हवेत वॉश वाळता वाळत नाही. पहिली चित्रं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. रविवारी गेलात तर गाड्याही कमी असतात.

२. जागा

चर्चगेट आणि सीएसएमटी, दोन्हीकडून चालत येता येतं. जहांगीरच्या बाजूच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, त्यामुळे इथल्या माणसांना चित्र काढणारा माणूस नवा नाही. कोणी मागे येऊन उभं राहिलं तरी दोन मिनिटांत पुढे जातं.

भिंतीला किंवा झाडाला पाठ लावून, कागद सावलीत येईल असं बसा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. उन्हातल्या पांढऱ्या कागदावर डोळे दिपतात, प्रत्येक रंग गडद वाटतो आणि घरी आल्यावर चित्र फिकं निघतं.

चित्र सुरू करण्याआधी गॅलरीत एक फेरी मारा. प्रवेश विनामूल्य आहे. आत जलरंगातलं चित्र लागलेलं असेल तर एकदा वीतभर अंतरावरून आणि एकदा दहा पावलांवरून पाहा. वीतभरावरून जो नुसता डाग होता तो दहा पावलांवर माणूस होतो. छापील चित्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही.

३. तीन छटांचं छोटं चित्र

ही पायरी सगळे गाळतात आणि चित्र बिघडतं ते बहुतेक इथेच.

स्केचबुकात पत्त्याएवढी चौकट काढा. डोळे अर्धवट मिटून समोर पाहा. कमानी, पाट्या, माणसं दिसेनाशी होतात आणि तीनच गोष्टी उरतात: आकाश आणि उन्हातले भाग, मधल्या छटेचे भाग, आणि काळोख. ६बी पेन्सिलने तेवढंच भरा. कागदाचा पांढरा, एक करडा, एक काळा. पाच मिनिटं पुरतात.

इथे एकच गोष्ट शोधायची आहे: सावल्या एकमेकींना कुठे चिकटतात? लायब्ररीची सावलीतली भिंत, खाली फुटपाथवरची सावली, त्या सावलीत उभी असलेली टॅक्सी, टॅक्सीखालचा काळोख, रस्त्यावर पसरलेली सावली. नावं पाच असली तरी डोळे अर्धवट मिटल्यावर आकार एकच आहे. तो एकसंध काढा. दोन इमारतींमधल्या फटीतून रस्त्यावर उन्हाची पट्टी पडलेली असेल तर ती कोरी सोडा. पुढे सगळ्या चित्राचा उजेड त्या पट्टीवर तोलला जातो.

काळा भाग आणि पांढरा भाग सारखेच झाले असतील तर चौकट सरकवा. या दृश्यात सावलीने साधारण दोन तृतीयांश जागा घ्यावी.

४. रेखाटन

२बी पेन्सिल, हलका हात, खोडरबर नाही. पंधरा मिनिटांत संपवा.

पहिली रेघ नेत्रपातळीची, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेघ. तुम्ही उभे असाल तर रस्त्यावरच्या तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी या एकाच रेघेवर येतात, जवळची असोत की लांबची. फक्त पाय खालीवर होतात. स्टुलावर बसलात तर नेत्रपातळी खाली येते आणि उभ्या माणसांची डोकी तिच्या वरच्या बाजूला जातात. रेखाटन बसून करून माणसं उभं राहून टाकली की ती जमिनीत रुतल्यासारखी किंवा हवेत तरंगल्यासारखी दिसतात. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

मग रस्त्याचा विलोपन बिंदू, म्हणजे रस्त्याच्या कडा लांब जाऊन नेत्रपातळीवर जिथे मिळतात तो. डावीकडच्या इमारतींचे छज्जे, कठडे, खिडक्यांच्या वरच्या कडा त्या बिंदूकडे खाली उतरतात, फुटपाथची कड वर चढते. चार-पाच मुख्य रेघांत हे अचूक बसवा. ब्रश कितीही मोकळा चालवा, छज्जा चुकीच्या दिशेला उतरला तर इमारत पडते, आणि ते बघणाऱ्याला लगेच खटकतं.

आता लायब्ररी. सगळ्या कमानी काढायच्या नाहीत. प्रवेशद्वाराजवळची एक टोकदार कमान नीट पाहा. रुंदी किती, उंची किती, टोक किती तीव्र. ती एक काळजीने काढा. बाकीच्यांची फक्त जागा खुणेने दाखवा आणि लांब जाताना त्यांच्यातलं अंतर कमी करत न्या. बघणाऱ्याचा डोळा त्या एका कमानीवरून बाकीच्या ओळखतो.

इमारत कशाची बांधली आहे हे ठाऊक असलं की ब्रश कसा धरायचा तेही ठरतं. लायब्ररी मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. दगडी भिंत जाड असते, म्हणून कमानीच्या आत काळोख खोल असतो आणि तिथे भरलेला गोल ब्रश लागतो. पलीकडचं वॉटसन हॉटेल १८६७ ते १८६९ दरम्यान उभं राहिलं ते इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर. तिथे खांब बारीक, गॅलऱ्या पातळ. तिथे फ्लॅट ब्रशची कड उभी टेकवली की काम होतं. एकाच रांगेतल्या या दोन इमारती एकाच प्रकारच्या फटकाऱ्यात रंगवल्या तर दोन्ही खोट्या वाटतात.

झाड आडवं येत असेल तर बाजूला सरकवा किंवा फांद्या विरळ करा. इमारतींच्या प्रमाणांना मात्र हात लावू नका.

५. पहिला वॉश: उजेड

रंग किती पातळ हवा याचं माप स्वयंपाकघरातलं: पहिला वॉश पातळ ताकाएवढा, दुसरा सायीच्या दुधाएवढा, शेवटचे काळोख घट्ट दह्याएवढे. हा क्रम उलटला तर चित्र सावरत नाही.

बोर्ड पंधरा-वीस अंश तिरका ठेवा. १२ नंबरचा ब्रश भरून वरून सुरुवात करा. आकाशात कोबाल्ट ब्लूचा अगदी हलका अंश, खाली येताना यलो ऑकर. दुपारी या भागाच्या आकाशात धुळीचा पिवळेपणा असतो, निळंशार आकाश काढू नका. आकाश आणि इमारत यांच्यामध्ये थांबू नका. तोच वॉश डावीकडच्या इमारतींवरून, उजवीकडच्या उन्हातल्या भिंतींवरून (इथे रॉ सिएना वाढवा) थेट रस्त्यापर्यंत खाली आणा. रस्त्यावर थोडा लाइट रेड आणि कोबाल्टचा करडा.

कोरे सोडायचे भाग: टॅक्सी आणि बसचे टप, काही माणसांची डोकी-खांदे, रस्त्यावरची उन्हाची पट्टी.

आता थांबा. पूर्ण वाळू द्या. हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर अजून ओल आहे. या वेळात चहा प्या, रस्त्यावरच्या माणसांची चाल पाहा, ब्रश खाली ठेवा. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावला की पाणी मागे पसरून वेडीवाकडी कड उठते आणि ती पुसता येत नाही.

६. दुसरा वॉश: सावलीचा एकच आकार

चित्र इथे ठरतं. घाई नको, पण मध्ये थांबायचंही नाही.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर कालवून ठेवा. तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. वॉशच्या मध्यावर रंग संपला आणि नवा कालवायला बसलात तर तेवढ्यात कड वाळते.

लायब्ररीच्या छपराच्या कडेपासून सुरू करा. रंगाचा ओला थेंब खालच्या कडेला साचलेला राहील असा वॉश खाली ओढा. वर जरा निळसर, कारण तिथे आकाशाचा उजेड पडतो. खाली येताना रॉ सिएना, लाइट रेड मिसळत जा, कारण समोरच्या उन्हातल्या भिंतींवरून आणि रस्त्यावरून उबदार उजेड परत वर येतो. रंग बदलू द्या, गडदपणा मात्र साधारण तोच ठेवा. सावलीत रंगांची अशी हालचाल असली की ती जिवंत वाटते. एकाच करड्याने भरलेली सावली मेलेली दिसते.

फुटपाथ आला म्हणून थांबू नका, टॅक्सी आली म्हणून थांबू नका. टॅक्सीचा कोरा टप चुकवून वॉश तसाच खाली, सावलीतल्या रस्त्यावर जाऊ द्या. गाडीची खालची कड रस्त्यात हरवली पाहिजे. हरवलेल्या कडांमुळेच चित्र मोकळं दिसतं.

वॉश ओला असतानाच कमानींच्या आत घट्ट रंगाचे ठिपके सोडा. एक-दोन पसरतील, पसरू द्या. रस्त्याच्या दूरच्या टोकाला, हुतात्मा चौकाच्या दिशेला, रंग पाण्याने पातळ करा आणि कडा विरघळू द्या. जवळच्या इमारतीची आकाशाला भिडणारी कड तेवढी तीक्ष्ण.

सगळे एकदा तरी फसतात अशी एक जागा सांगतो. लायब्ररीच्या प्रवेशद्वारावर डेव्हिड ससून यांचा पांढऱ्या दगडातला अर्धपुतळा आहे. पुतळा पांढरा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून कागद कोरा सोडला जातो. पण दुपारी तो सावलीत आहे. सावलीतला पांढरा हा उन्हातल्या रस्त्यापेक्षा गडद असतो. भिंतीपेक्षा जरा फिका, निळसर करडा, बस. तिथे कोरा कागद राहिला तर भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. सावलीतल्या पांढऱ्या शर्टांचंही तसंच.

७. काळोख, माणसं, गाड्या

कागद पुन्हा पूर्ण वाळल्यावर ८ नंबरचा ब्रश घ्या.

घट्ट काळोख मोजक्या ठिकाणी: त्या एका कमानीच्या आत, गाड्यांखाली, झाडाच्या बुंध्याशी. सगळीकडे काळे ठिपके वाटत सुटू नका. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग जिथे शेजारी येतात तिथेच नजर जाते. ती जागा एकच असावी. या चित्रात ती प्रवेशद्वाराजवळ उन्हाची पट्टी येते तिथे ठेवा.

माणूस एका फटकाऱ्यात: खांद्यापासून खाली निमुळतं होत जाणारं अंग, वर थोडी फट सोडून डोक्याचा ठिपका. पावलं काढू नका. दोन-तीन जणांचा घोळका करा, एखादा एकटा ठेवा. एकाच अंतरावर ओळीत उभी माणसं नकोत.

जुन्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. काळा-पिवळा रंग आताच्या टॅक्सींवरही आहे. गाडीचं मॉडेल दाखवायची गरज नाही, काळं अंग आणि पिवळा टप एवढ्यावर मुंबई ओळखू येते. बेस्टच्या बसचा लाल रंग चित्रात एकदाच वापरा, तोही लहान.

रस्त्यासाठी फ्लॅट ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा, वेगाने ओढा. कोल्ड प्रेस कागदाच्या खळग्यांत पांढरे कण राहतात आणि डांबरावरचं ऊन दिसतं. एक-दोन वेळाच.

तारा, खांब रिगरने, मध्ये तुटत तुटत. शेवटी पोस्टरच्या पांढऱ्याचे ठिपके: एखादा हेडलाइट, एखाद्या खांद्यावरची उन्हाची कड. चार-पाचांच्या वर गेलात तर पारदर्शकपणा जातो.

८. कुठे थांबायचं

बोर्ड झाडाला टेकवा आणि दहा पावलं मागे जा. रस्ता, ऊन आणि इमारतीचं वजन तिथून कळत असेल तर चित्र झालं, जवळून कितीही अपुरं वाटलं तरी. नवीन फटकारा मारण्याआधी तो कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "इथे जरा रिकामं वाटतंय" हे कारण पुरेसं नाही. रिकामी जागा बहुतेक वेळा हवीच असते.

घरी नेऊन फोटो बघत तपशील भरू नका. मोबाइलचा कॅमेरा सावल्या काळ्याकुट्ट करतो आणि आकाश पांढरं. तुमच्या डोळ्यांनी सावलीत जे निळे-तांबूस बदल पाहिले ते फोटोत नसतात. फोटो फक्त कमानीचा आकार किंवा पाटीची जागा विसरली तर बघायला ठेवा.

९. पुढच्या जागा

हेच दृश्य आणखी दोन-तीनदा करा, एकदा मुद्दाम सकाळच्या उन्हात. मग पुण्यातली महात्मा फुले मंडई घ्या. १८८६ ची ही दगडी इमारत, मध्ये अष्टकोनी मनोरा. तिथे गर्दी आणि भाजीचे रंग इतके आहेत की काय गाळायचं याचा चांगला कस लागतो. मनोरा सावलीत एकसंध ठेवायचा आणि रंग फक्त खालच्या पट्टीत.

गोव्यात पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये उलटा प्रश्न येतो. गल्ल्या अरुंद, भिंती पिवळ्या, निळ्या, लाल. तिथे सावलीचा आकार छोटा असतो आणि रंगच चित्र पेलतात, म्हणून दोनच भिंतींचे रंग खरे ठेवा, बाकीचे करड्याकडे झुकवा. ही सगळी राहती घरं आहेत. कोणाच्या दारासमोर किंवा खिडकीखाली स्टूल मांडण्याआधी घरातल्यांना विचारा, आणि रंगाचं पाणी त्यांच्या पायरीवर ओतू नका, डब्यात परत न्या.